माळाचा धनी

त्या फोटोला मी नाव दिलं होतं ‘माळाचा धनी’. बारा बाय अठराची प्रिंट, काळी चौकट, मागं वाळलेलं पिवळं गवत, आणि त्यात मान किंचित खाली घालून थेट तुमच्याकडं बघणारा लांडगा. सांगलीतल्या एका सभागृहात आम्हा हौशी फोटोग्राफरांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि दाराजवळची भिंत माझ्या वाट्याला आली होती. आत येणारा माणूस आधी लांडग्यापाशी थबकायचा. “कुठं मिळाला हो? जतला का आटपाडीला?” मी हसायचे. त्या हसण्यात ‘हो’ नव्हतं, पण ‘नाही’ही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. जत तालुक्यातले धनगर. नातू इथं कॉलेजात शिकतो, त्यानं आग्रह करून आणलं होतं. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, वहाणा दाराबाहेर काढून ठेवलेल्या. ते फोटोसमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. मी जवळ गेले. ज्या माणसाचं आयुष्य लांडग्याशी झुंजण्यात गेलं, त्याच्या तोंडून एक ‘वा’ ऐकायला मिळावं असं मनात होतं, हे कबूल करते.

“हे माळावरचं न्हाई,” ते म्हणाले.

मी गप्प.

“लांडगं असं बघत न्हाई, बाई. त्येला माणूस दिसला की ते निगालंच. लांब जाऊन एकदा मागं वळून बघंल, पर असं तोंडाकडं बघत उबं ऱ्हात न्हाई. हे कसं बघायलंय बघा की. हे वाट बघायलंय.”

मग काचेला बोट न लावता त्यांनी लांडग्याच्या नाकाडावर बोट धरलं. तिथले केस गेले होते, बोटभर रुंदीचा काळपट पट्टा उघडा पडला होता. मला तो पट्टा रांगडा वाटला होता. कुठल्यातरी झटापटीची खूण असल्यासारखा. “घासल्यालं हाय हे,” आजोबा म्हणाले. “कोंडल्यालं जनावर असं घासतंय.”

नातू ओशाळला. “आज्जा, चला म्होरं.” आजोबांच्या आवाजात राग नव्हता, मला पकडल्याचा आनंदही नव्हता. “फोटू झ्याक हाय,” असं म्हणून ते शेजारच्या खंड्याकडं वळले.

त्या संध्याकाळी मी फोटोखालची चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली. तिसऱ्या दिवशी लांडगा बिननावाचा टांगलेला होता. काहीच न लिहिणं हा काही खरं सांगण्याचा मार्ग नव्हे, हेही मला कळत होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. तो फोटो नववीच्या सहलीत काढलेला, एका मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात. जागेचं नाव घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते माझ्या कॅमेऱ्याबद्दल आहे.

जाळीतून फोटो काढायची एक रीत असते आणि ती मला चांगली येते. लेन्स लांब पल्ल्याची हवी. माझी सत्तर-तीनशे आहे, ती पार तीनशेवर न्यायची. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, उघडेल तितकं उघडायचं. कठड्यावरून झुकून जाळीच्या होईल तेवढं जवळ जायचं आणि प्राणी जाळीपासून लांब सरकेपर्यंत थांबायचं. ऑटोफोकस बंद करायचा, नाहीतर कॅमेरा हट्टानं तारेलाच धरून बसतो. आणि मुख्य म्हणजे तारेवर ऊन नको. जस्त चढवलेली तार उन्हात चकाकते, सावलीत निमूट होते. त्या दिवशी मी दोन मुलींना काळी छत्री धरून उभं केलं होतं, जाळीच्या नेमक्या त्या तुकड्यावर सावली पडेल अशा बेतानं. मग डोळा व्ह्यूफाइंडरला लावून फोकसची रिंग सावकाश फिरवायची. आधी तारा ठसठशीत दिसतात, चौकोनाला चौकोन लागलेले. मग त्या फुगतात, पुसट होतात, त्यांचं धुकं होतं, आणि एका क्षणी त्या नसतातच. जाळी विरघळते. समोर उरतो तो फक्त प्राणी.

त्या क्षणाला माझ्या पोटात अजून गोळा येतो. इतकी वर्षं झाली तरी. जाळी विरघळली की वाटतं, आता मधे कुणी नाही. कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आले, की निदान एका फोटोपुरतं तरी मी त्याला बाहेर काढते. पिंजरा त्याच्या नशिबी आहे, माझ्या फोटोत तरी नको.

आता वाटतं, बाहेर कोण आलं होतं? लांडगा जिथं होता तिथंच होता. बाहेर आले ते मी, आणि माझा फोटो बघणारे. पिंजरा बघायचं दुःख मी आमच्यापुरतं मिटवून टाकलं होतं. घरी येऊन संगणकावर उरलंसुरलं धुकं काढलं, रंग थोडे उठवले, उजव्या कोपऱ्यात सिमेंटच्या कुंडाची कड आली होती ती कापून टाकली. एवढं सगळं करून त्याच्यावर लिहिलं काय, तर ‘माळाचा धनी’.

वन्यजीव छायाचित्रणाच्या जगात हा प्रश्न जुना आहे आणि तिथं त्याची किंमत मोजावी लागते. २००९ साली जगातल्या एका मानाच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत पहिला आलेला फोटोही लांडग्याचाच होता. रात्रीची वेळ, लाकडी फाटक, आणि त्यावरून झेप घेणारा लांडगा. पुढच्याच जानेवारीत परीक्षकांनी ते बक्षीस काढून घेतलं. तो लांडगा बहुधा स्पेनमधल्या एका प्राणी-उद्यानातला माणसाळवलेला असावा, अशी त्यांची खात्री पटली होती. छायाचित्रकारानं हे कधीच मान्य केलं नाही. पण तेव्हा इतरांनी काढलेली एक शंका मला फार नेमकी वाटली होती. रानातला लांडगा फाटकावरून उडी कशाला मारेल? तो फळ्यांमधून अंग चोरून निघून जाईल. जतच्या आजोबांनी माझ्या फोटोसमोर उभं राहून तेच केलं. त्यांनी फोटोतला उजेड बघितला नाही, लांडग्याचं वागणं बघितलं.

झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक राहिलेले हायनी हेडिगर नावाचे स्विस प्राणिशास्त्रज्ञ होते. रानातला प्रत्येक प्राणी शत्रूला ठरावीक अंतरापर्यंत येऊ देतो आणि ते अंतर ओलांडलं की पळतो, हे त्यांनी बारकाईनं मांडलं. पळ काढण्याचं अंतर. पिंजऱ्यातल्या प्राण्याकडं हे अंतरच उरत नाही. तो एक तर सततच्या भीतीत जगतो, नाहीतर माणसाची सवय करून घेतो. आपल्याला फोटोत जे ‘डोळ्यांत डोळे घालून बघणं’ म्हणून आवडतं, ते त्या अंतराच्या मोडतोडीतून आलेलं असतं. मी हे वाचलं होतं. नववीच्या वर्गात एकदा सांगितलंही होतं. तरी फोटो काढताना ते माझ्या कामी आलं नाही.

त्याच सहलीतली दुसरी गोष्ट मला लांडग्यापेक्षा जास्त टोचते.

वाघाच्या खंदकापाशी गर्दी होती. पोरं कठड्याला चिकटलेली, मोबाइल वर धरलेले, “मॅडम, सेल्फीत वाघ येईना” म्हणून तक्रार चाललेली. वाघ खंदकापलीकडच्या भिंतीच्या कडेनं चालत होता. मी सटासट फोटो घेतले. पाय उचललेला, खांद्याचं हाड वर आलेलं, नजर समोर. काय चाल होती! एवढ्यात वर्गातली एक अबोल मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, अकरा.”

“काय अकरा?”

“पावलं. अकरा टाकतो आणि वळतो. परत अकरा. मघापासून मोजतेय मी. वळताना पाय पण त्याच दगडावर ठेवतो.”

मी कॅमेरा खाली घेतला आणि पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी बघितलं. तिचं खरं होतं. वळण्याच्या जागी जमीन गुळगुळीत झाली होती, एक गवताचं पातं नाही.

या येरझाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघी संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं, की रानात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका दूरवर पसरलेला, तितके ते कैदेत जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाला पिंजऱ्यात जी जागा मिळते ती त्याच्या रानातल्या लहानात लहान वावराच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाएवढी असते, असं त्यांचं गणित आहे.

पण मला छळते ती यातली कॅमेऱ्याची बाजू. येरझारा फोटोत येतच नाहीत. एका सेकंदाचा पाचशेवा भाग उचलला, की त्यात फक्त पाऊल उचललेला वाघ येतो, आणि उचललेलं पाऊल नेहमीच राजबिंडं दिसतं. अकरा, वळण, अकरा, वळण हे तेवढ्या वेळात मावत नाही. जाळी घालवायला मला निदान छत्री लागली होती. वाघाचं वेड घालवायला काहीच करावं लागलं नाही, ते शटरनं परस्पर केलं. आजही त्या फोल्डरमधले फोटो उघडले, तर त्यातला एकही खोटा म्हणता येणार नाही. आणि त्यातल्या एकावरूनही त्या दिवशी मी काय बघितलं ते कुणाला कळणार नाही. एका पोरीला पावलं मोजावीशी वाटली म्हणून मला कळलं.

जनावराला कोंडून त्याच्यावर जीव लावायची आपली रीत जुनी आहे, आणि आमच्या सांगली जिल्ह्याचं तर त्यात नावच आहे. हिंदुस्थानातली पहिली आधुनिक सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. १८८० साली मुंबईत त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. लहानपणी सर्कशीचा तंबू पडला की रात्री आम्ही गच्चीवर जाऊन सिंहाची डरकाळी ऐकायचो. वडील म्हणायचे, “आपल्या मातीतलं आहे हे.” त्यांचा अभिमान खरा होता. मलाही तो वाटायचा, अजूनही थोडा वाटतो. केंद्र सरकारनं १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ शिकवायला आणि त्यांचे खेळ करायला बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. बंदी योग्य होती यात मला शंका नाही. पण गच्चीवरची ती डरकाळी मी आठवणीतून काढून टाकलेली नाही, टाकताही येत नाही.

आणि शिराळा. माझं आजोळ बत्तीस शिराळ्याचं. आईच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. मावशी पाटावर बसलेल्या नागाला ओवाळतेय, तिच्या पदराआड मी, चारेक वर्षांची. नागानं फणा काढलाय. पंचमीआधी नाग धरायचे, मडक्यात जपून ठेवायचे, पूजा-मिरवणूक झाली की जिथं धरला तिथं नेऊन सोडायचे. मावशीला नाग भाऊ होता, हे तिचं बोलणं वरवरचं नव्हतं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नाग धरणं थांबलं तेव्हा ती जेवली नव्हती. मी तिला समजावत बसले होते, की नाग फणा काढतो तो घाबरल्यावर, चिडल्यावर. ती म्हणाली, “माझ्यासमोर तो कधी चिडला नाही गं.” मी अल्बम काढून फोटो दाखवला. तिला त्यात भाऊ दिसत होता, मला ताठ झालेला, घाबरलेला साप. एकच फोटो. ती मला आडाणी वाटली नाही. उलट आता ‘माळाचा धनी’ समोर धरला, की मावशीचा आणि माझा गुन्हा सारखाच वाटतो. आम्ही दोघींनीही त्या जनावराच्या तोंडावर आमचंच काहीतरी वाचलं.

मग एवढं सगळं कळून मी कॅमेरा ठेवून का देत नाही?

त्याचं माझ्याजवळ एक उत्तर आहे, आणि ते क्वागाचं आहे. दक्षिण आफ्रिकेतला हा झेब्र्याचा एक प्रकार. पुढच्या अंगावर पट्टे, मागचं अंग तांबूस आणि सपाट. माणसांनी तो मारून संपवला. शेवटची क्वागा १२ ऑगस्ट १८८३ ला ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जिवंत क्वागाचे सगळ्या जगात मिळून पाच फोटो माहीत आहेत. पाचही लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीचे, १८६३ ते १८७० या काळातले. एकात ती आडवी उभी आहे, मागं विटांची भिंत. कुणीतरी जड कॅमेरा तिवईवर चढवून, काचेची प्लेट घालून, ती हलू नये म्हणून वाट बघत थांबलं असेल. तो माणूस ‘बंदिवान जनावराचा फोटो काय काढायचा’ म्हणून निघून गेला असता, तर जिवंत क्वागा कशी उभी राहायची हे आज कुणालाच कळलं नसतं.

तसंच टास्मानियाच्या थायलासिनचं. लांडग्यासारखं तोंड, पाठीवर वाघासारखे पट्टे, आणि पोटाला कांगारूसारखी पिशवी. शेवटचा ज्ञात थायलासिन ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याच जागी १९३३ मध्ये डेव्हिड फ्ले यांनी एका थायलासिनचं मिनिटभराचं मूक चित्रण केलं होतं. ते मी वर्गात दाखवते. प्राणी जबडा केवढा तरी वासतो आणि पोरं ‘बाप रे’ म्हणतात. पण मी ज्यासाठी ते दाखवते ते वेगळंच आहे. तो जाळीच्या कडेकडेनं जातो, येतो, जातो, येतो. फ्ले यांनी जाळी लपवली नाही आणि चालणं तोडलं नाही. एका वंशाच्या अखेरीच्या दिवसांतलं जे आपल्या हातात उरलं, त्यात त्याचा जबडा आहे आणि त्याच्या येरझाराही आहेत.

म्हणजे फोटो काढावा, यावर माझं मन आता घट्ट आहे. डगमगते ती कसा काढावा आणि खाली काय लिहावं यावर. वन्यजीव कायद्यानं प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आरडाओरड करून त्रास देणं गुन्हा ठरवलंय. फोटो काढणं त्यात नाही, आणि नसावंच. पण कायद्यानं सोडलं म्हणून माझ्या मनानंही सोडावं असं नाही.

मधल्या काळात मी सागरेश्वरला बऱ्याचदा गेले. देवराष्ट्र्याजवळचं हे अभयारण्य, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं, १९८५ मध्ये जाहीर झालेलं. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांनी आणि लोकांनी झाडं उभी केली, चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले, भोवती कुंपण घातलं. मोहित्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथं झाडाखाली उभ्या सांबराचा फोटो काढते आणि अडते. हे रानातलं म्हणायचं का कुंपणातलं? तिथं जन्मलेल्या पिल्लाला कुंपणाची खबर तरी असते का? मी तिथल्या फोटोंखाली नुसतं ‘सागरेश्वर’ लिहिते. ज्याला माहीत आहे त्याला पुरतं.

लांडग्याकडं मात्र परत जायचं होतंच. पुढच्या सुट्टीत एकटीच गेले, आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना. तिथले एक कीपर मूळचे खटावकडचे निघाले, बोली ऐकताच ओळख झाली. मी मोबाइलवर फोटो दाखवून म्हटलं, “हा कुठं आहे?”

“हा न्हाई मॅडम, ही. सगुणा.”

तर माझा धनी मादी होता. फोटो काढला, मोठा केला, भिंतीवर टांगला, आणि नर का मादी हेही मला माहीत नव्हतं. पिल्लू असताना लोकांनी रानातून उचललेली, मग इथं आलेली. माणसाच्या हातून खायची सवय लागल्यावर परत माळावर सोडायची सोय राहिली नाही. बाहेरच्या पाटीवर प्राण्याचं नाव, शास्त्रीय नाव, आहार, आयुर्मान असं सगळं होतं. सगुणा हे नाव फक्त कीपरच्या तोंडी.

नाकाडावरच्या पट्ट्याचं विचारलं तर ते म्हणाले, “दुपारी थांबा, कळंल.”

थांबले. मटणाच्या गाड्याचं एक चाक कुरकुरतं. तो आवाज वळणापलीकडून आला आणि गवतात आडवी पडलेली सगुणा उठली. जाळीच्या डाव्या कोपऱ्यात आली, नाक तारेला लावलं आणि वर-खाली घासायला लागली. मी तिच्याकडं बघायचं सोडून तारेकडं बघितलं. सगळी जाळी करड्या रंगाची, धूळ बसलेली, पण त्या उंचीवर वीतभर तार झिजून चकचकीत झाली होती. एका गाठीत तीन केस अडकले होते, टोकाला काळे, मुळाशी पांढुरके. वाऱ्यानं हलत होते. वाट बघायलंय, असं आजोबा म्हणाले होते.

मी रिंग उलटीकडं फिरवली. सगुणा धूसर होत गेली, तार उमटली, केस उमटले. मागं दोन पिवळे ठिपके, डोळ्यांच्या जागी. तो फोटो मला आजही माझ्या इतर फोटोंपेक्षा खरा वाटतो.

पण त्यानं प्रश्न सुटला असं नाही. तो बघून मैत्रिणी हळहळल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते आवडलं. आवडलं हे लक्षात आल्यावर भीती वाटली. आधी तिचा रुबाब दाखवून शाबासकी घेतली, आता तिची कैद दाखवून. आणि प्रिंट कीपरना पाठवली तर त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. “मॅडम, फोटो चांगलाय. पर ह्यात आमी जेलर दिसतोय. ती आजारी पडल्याली तवा मी दोन रात्री तिथंच झोपलोय.” मला काय बोलावं कळेना. त्यांच्या दोन रात्री माझ्या कुठल्याच फोटोत नव्हत्या. मी माफी मागितली. फोटो मागं घेतला नाही. ते दोन्ही मला करायचंच होतं. त्यानंतर त्यांनी सांगितला तसा एक काढून दिला. ते पाण्याचं कुंड घासतायत आणि आतल्या कप्प्याच्या गजांमागून सगुणा त्यांच्याकडं बघतेय. तो त्यांनी घरी लावलाय.

तारेचा फोटो मी जतला, त्या नातवाच्या मोबाइलवर धाडला. खाली नीट लिहिलं: सगुणा, लांडग्याची मादी, प्राणिसंग्रहालयात. चार दिवसांनी त्याच नंबरवरून फोन. मागं मेंढरांचा कालवा, बहुतेक कुणाच्या तरी रानात बसवली होती. आजोबा फोन तोंडाशी धरून मोठ्यानं बोलत होते. फोटो कसा आहे याबद्दल एक शब्द नाही.

“ती रातचं वरडती का?”

मला ठाऊक नव्हतं. प्राणिसंग्रहालयात रात्री मी कधी असणार? लांडगा ओरडतो तो आपल्या माणसांना हाका घालायला, आणि तिला तर कुणी नव्हतं. कीपरना विचारून सांगते म्हटलं. विचारलं. ते म्हणाले, “वरडते की. लई न्हाई. बाहेरच्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली, की मान वर करून वरडती. सायरन लांब जाईस्तोवर.”

मी जतला उलटा फोन लावला आणि आजोबांना ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता मेंढरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “बरं,” आणि फोन नातवाकडं दिला.